धान्याच्या कोठीतील गंध

धान्य पिकविणे हा पुरुषार्थ आणि ते टिकविणे हे गृहकृत्य, अशी विभागणी आपल्या समाजाने फार पूर्वी करून ठेवली. परिणाम असा झाला की, शेतावर बोलणारे पुष्कळ निघाले आणि कोठीवर बोलणारे फारच थोडे. वैशाखात वर्षाचे गहू भरावयाचे, त्यांना दोन-चार उन्हे द्यावयाची, चाळून-निवडून झाल्यावर त्यांत कडुलिंबाचा वाळलेला पाला मिसळावयाचा, कडधान्याला एरंडेलाचा हात लावावयाचा, वेखंडाचे तुकडे फडक्यात बांधून तळाशी ठेवावयाचे आणि शेवटी कणगीचे तोंड शेणामातीने लिंपून टाकावयाचे, हा विधी मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. तो एकट्या महाराष्ट्राचाही नाही. तमिळ प्रदेशात भाताच्या थरांमध्ये निर्गुंडीचा पाला घालतात. कुमाऊँ-गढवालच्या डोंगरांत अक्रोडाची पाने वापरतात. परप्रांतात संसार थाटलेल्या मराठी गृहिणीला शेजारणीच्या कोठीत निराळा पाला दिसतो, परंतु त्यामागचा विचार ओळखीचा वाटतो. जे आपल्या नाकाला उग्र, ते किडीला असह्य, असा तो विचार आहे.

हा विचार कितपत खरा? याबाबत आपल्याकडे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, या साऱ्या आजीबाईंच्या समजुती. दुसरा म्हणतो, पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते. दोन्ही पक्षांचा एक समान गुण असा की, कोठी उघडून आत पाहण्याचे श्रम कोणालाच नको असतात. आज आपण ती थोडी उघडून पाहू.

प्रथम शत्रूची ओळख करून घेतली पाहिजे. तांदळात, गव्हात आणि ज्वारीत आढळणारा सोंडा दिसावयास मोहरीएवढा, पण त्याची मादी मोठी धूर्त असते. ती आपल्या सोंडेने दाण्याला बारीक छिद्र पाडते, त्यात एक अंडे घालते आणि स्वतःच्या चिकट स्रावाने ते छिद्र बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आत जन्मते, आतच पोसते, आतच कोष करते आणि उष्ण हवेत साधारण पाच आठवड्यांनी पूर्ण वाढलेला सोंडा होऊन बाहेर पडते. आपल्याला कीड दिसते ती या शेवटच्या टप्प्यावर. तोवर दाण्याचे टरफल उरलेले असते. कडधान्याच्या भुंग्याची रीत थोडी वेगळी. तो अंडी दाण्याच्या पृष्ठभागावर चिकटवतो, आणि पुष्कळदा हा प्रारंभ शेतात, शेंग झाडावर असतानाच होऊन गेलेला असतो. गंमत अशी की, साठवणीतल्या प्रौढ भुंग्याला खाण्याची गरजच नसते. खाण्याचे सर्व काम त्याच्या अळीने करून ठेवलेले असते. तिसरा खापरा. त्याची केसाळ अळी प्रतिकूल काळात भिंतीच्या भेगेत शिरून निपचित पडते आणि अशा अवस्थेत वर्षानुवर्षे काढू शकते. कोठार रिकामे केले, झाडले, म्हणजे खापरा गेला, असे समजणाऱ्याची पुढच्या हंगामात निराशा होते.

लुधियाना येथील काढणीपश्चात तंत्रज्ञानाच्या केंद्रीय संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, काढणीपासून साठवणीपर्यंतच्या सर्व टप्प्यांत मिळून तृणधान्यांची हानी शेकडा ४.६५ ते ५.९९ आणि कडधान्यांची शेकडा ६.३६ ते ८.४१ होते. हे सारेच काही किडीच्या पोटात जात नाही. परंतु कडधान्याचा आकडा अधिक असावा यात नवल नाही. तूर, मूग, हरभरा घरात ठेवणाऱ्या कोणालाही ते अनुभवाने ठाऊक आहे.

आता तेलांकडे वळू. येथे एक भेद आरंभीच स्पष्ट केला पाहिजे, कारण तो न केल्यामुळे या विषयात पुष्कळ घोटाळा होतो. आपण तेल म्हणतो ते दोन जातींचे असते. शेंगदाण्याचे, करडईचे, एरंडीचे तेल कागदावर टाकले तर त्याचा डाग कायम राहतो. ही स्थिर तेले. लवंगेचे, निलगिरीचे, ओव्याचे किंवा गवती चहाचे तेल कागदावर टाकले तर काही वेळाने डाग बहुतांशी नाहीसा होतो आणि खोलीत वास भरून राहतो. ही उडनशील तेले. पाने, फुले, साली यांतून वाफेबरोबर ऊर्ध्वपातन करून ती काढतात. घरातल्या एरंडेलाचे आणि घरातल्या लवंगेचे काम कोठीत अगदी वेगवेगळ्या प्रकारे चालते.

एरंडेलाचा उपाय वासावर चालत नाही. १९७८ च्या सुमारास कोलंबियात घेवड्यावर आणि नायजेरियात चवळीवर जे प्रयोग झाले, त्यांत असे दिसले की, एक किलो दाण्यांना सुमारे ५ मिलिलिटर साधे खाद्यतेल नीट चोळले तर भुंग्याची अंडी बहुधा जगतच नाहीत. तेलाचा पातळ थर अंड्याचा श्वास कोंडतो. भुंगा अंडे उघड्यावर चिकटवतो, म्हणून तो या उपायाला बळी पडतो. सोंड्याचे अंडे दाण्याच्या आत बुजवलेले असते, म्हणून त्याला हा उपाय तितका बाधत नाही. आपल्या घरांत एरंडेल मुख्यतः कडधान्याला लावण्याची जी प्रथा आहे, तिच्यात किती नेमके निरीक्षण साठलेले आहे हे यावरून कळते. मात्र त्या बायकांची नावे कोणत्याही शोधनिबंधात नाहीत.

उडनशील तेलांचे रहस्य वाफेत आहे. कीटकाला आपल्यासारखे नाक नाही आणि फुप्फुसही नाही. त्याच्या अंगाच्या बाजूंना बारीक श्वासरंध्रे असतात आणि त्यांतून निघालेल्या नलिका थेट पेशींपर्यंत हवा पोहोचवतात. तेलाची वाफ याच वाटेने आत शिरते. निलगिरीच्या तेलातील सिनिओल हे द्रव्य मज्जासंस्थेतील एका वितंचकाला रोखते. गोदामांतून फवारले जाणारे मॅलेथिऑन याच ठिकाणी घाव घालते. फरक इतकाच की सिनिओलचा घाव फार हलका असतो. लवंगेच्या तेलाचा मोठा भाग म्हणजे युजेनॉल. त्याची वाट निराळी. कीटकांच्या मज्जासंस्थेत ऑक्टोपामाइन नावाचा एक निरोप्या असतो आणि युजेनॉल त्याच्या व्यवहारात ढवळाढवळ करते, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. माणसाच्या शरीरात ऑक्टोपामाइनला असे महत्त्वाचे स्थान नाही. जे द्रव्य किडीला घातक, ते आपण दाढदुखीवर दाताशी धरू शकतो, याची संगती काही अंशी येथे लागते.

मारणे ही झाली एक गोष्ट. याहून कमी मात्रेत ही तेले पळवून लावतात, खाण्याची वासना मंदावतात, अंडी घालण्यास नकार द्यायला लावतात. घरगुती पाल्याचा परिणाम बहुधा या दुसऱ्या प्रकारचा असतो. पाला बाहेरच्या किडीला आत येण्यापासून परावृत्त करील. दाण्याच्या आत आधीच शिरलेल्या अळीला तो काही करू शकत नाही. म्हणूनच ऊन आधी आणि पाला नंतर, हा क्रम महत्त्वाचा आहे, आणि तो क्रम उलटा केलेला मी तरी कोणत्या जुन्या घरात पाहिलेला नाही.

मग प्रश्न असा येतो की, इतके गुण असताना सरकारी गोदामांत आजही निलगिरीचा वास का येत नाही? याचे उत्तर या तेलांच्या नावातच आहे. उडनशीलता हा त्यांचा गुण आहे आणि तोच त्यांचा दोष आहे. इस्रायलमधील शाया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये धान्याच्या चार प्रमुख किडींवर अनेक सुगंधी तेलांच्या वाफेचे प्रयोग प्रसिद्ध केले. रिकाम्या बंद भांड्यात कीड ठेवली असता काही तेलांनी अगदी अल्प मात्रेत उत्तम काम केले. परंतु तेच भांडे गव्हाने भरले की मात्रा कितीतरी वाढवावी लागते, असे या प्रकारच्या प्रयोगांत दिसते; कारण वाफ कीटकापर्यंत पोहोचण्यापूर्वी दाणाच ती शोषून घेतो. पूर्व आफ्रिकेतील रवांडात शेतकरी तुळशीच्या जातीच्या एका रोपाची पाने धान्यात घालतात. त्यांतील लिनालूल या द्रव्याचा अभ्यास झाला, तेव्हा ताज्या कुटलेल्या पाल्याचा प्रभाव दिसला, आणि तो टिकाऊ नाही हेही कळले.

प्रयोगशाळेच्या काचपात्रात मिळालेले यश आणि पन्नास किलोंच्या पोत्यांच्या थप्पीत मिळणारे यश यांत मोठे अंतर आहे. वर्तमानपत्रांत अधूनमधून 'अमुक तेलाने कीड शंभर टक्के नष्ट' असे मथळे येतात. ते वाचताना भांडे रिकामे होते की भरलेले, एवढा एकच प्रश्न श्रोत्यांनी विचारावा.

तथापि, हा विषय आज केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. गेल्या शतकात आपण कोठीची राखण रासायनिक वायूंकडे सोपवली. त्यांतील मिथाइल ब्रोमाइड ओझोनच्या थराला घातक ठरल्यामुळे माँट्रियल करारान्वये प्रगत देशांत २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांत २०१५ पर्यंत, आयात-निर्यातीच्या मालाची निर्जंतुकता वगळता, बंद करण्यात आले. घरगुती कोठीसाठी एके काळी काचेच्या कुप्यांतून मिळणारे इथिलीन डायब्रोमाइड भारतात बंदी घातलेल्या द्रव्यांच्या यादीत गेले. उरला मुख्यतः फॉस्फिन वायू. अॅल्युमिनियम फॉस्फाइडची ३ ग्रॅमची गोळी हवेतल्या ओलाव्याने फुटून १ ग्रॅम फॉस्फिन सोडते. गोदामासाठी हे साधन स्वस्त आणि परिणामकारक आहे. पण अन्न व कृषी संघटनेने १९७२-७३ मध्ये जगभरातून गोळा केलेल्या किडींची परीक्षा केली, तेव्हाच फॉस्फिनला दाद न देणाऱ्या जाती सापडू लागल्या होत्या, आणि भारतातील भुंगेऱ्यांत हा प्रतिकार पुढील काळात वाढलेला आढळला आहे.

याहून गंभीर गोष्ट घरातली आहे. कायद्याप्रमाणे ही गोळी सरकारी यंत्रणेच्या किंवा मान्यताप्राप्त कीडनियंत्रकाच्या देखरेखीखालीच वापरावयाची असते. प्रत्यक्षात ती तालुक्याच्या बाजारात सुटी मिळते, घरी येते आणि फडक्यात गुंडाळून गव्हाच्या पिंपात टाकली जाते. ते पिंप ज्या खोलीत असते, त्याच खोलीत पुष्कळदा मुले झोपतात. फॉस्फिनवर उतारा नाही. धान्यात ठेवलेल्या गोळीच्या वायूने घरातली माणसे, विशेषतः लहान मुले, दगावल्याच्या बातम्या देशाच्या निरनिराळ्या भागांतून पुनःपुन्हा येत असतात. त्यांत दुष्टावा कोणाचाच नसतो. चार पायल्या धान्य वाचविण्याची धडपड असते. पाऱ्याच्या गोळ्या ठेवणाऱ्यांची आणि तांदळाला बोरिक पावडर चोळणाऱ्यांचीही हीच कथा. पाऱ्याला वास नाही, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. बोरिक पावडर पांढरी, म्हणून स्वच्छ वाटते. वस्तुतः हे दोन्ही पदार्थ स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरचे आहेत. राहत्या घरात ठेवता येईल असे किडीवरचे साधन शोधणे ही म्हणूनच सुगंधाची हौस नव्हे, ती गरज आहे.

कडुलिंबाबद्दल थोडे बोलले पाहिजे, कारण त्याचे नाव या यादीत सर्वांच्या तोंडी प्रथम येते. पण कडुलिंबाचे सामर्थ्य उडनशील तेलात नाही. त्याचे मुख्य द्रव्य अॅझाडिरॅक्टिन. ते १९६८ मध्ये वेगळे काढण्यात आले. ते उडून जात नाही, आणि ते पानांत थोडे व निंबोळीच्या गरात अधिक असते. जोतवानी आणि सरकार या भारतीय शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये दाखवून दिले की, १०० भाग गव्हाच्या बियाण्यात १ ते २ भाग निंबोळीच्या गराची भुकटी मिसळली तर ते कित्येक महिने सुरक्षित राहते. आपण पाला वापरतो आणि निंबोळ्या झाडाखाली कुजू देतो. गराची भुकटी कडू असते ही अडचण खरी; म्हणून ती बियाण्याला योग्य, खाण्याच्या धान्याला नव्हे.

आता वेखंड. संस्कृतात याला वचा म्हणतात आणि त्याचे दुसरे नाव उग्रगंधा. पोथ्यांच्या रुमालात, लोकरीच्या कपड्यांत, बाळाच्या गुटीत आणि धान्याच्या कणगीत, असा याचा सर्वत्र संचार. कीटकांवरील त्याच्या परिणामाला भक्कम शास्त्रीय आधार आहे. जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतील सक्सेना, कौल, टिक्कू आणि अटल यांचा निबंध १९७७ मध्ये 'नेचर' या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाला. वेखंडातून वेगळ्या काढलेल्या द्रव्याने कीटकमादीच्या बीजकोशाची वाढ खुंटते, असे त्यात दाखविले होते. मादी मरत नाही, पण तिचा वंश थांबतो. धान्याच्या राखणीला याहून सोयीचे काय असणार?

परंतु याच तेलाची दुसरी बाजू त्याच्या दहा वर्षे आधी अमेरिकेत पुढे आली होती. उंदरांना त्यांच्या आहारातून वेखंडाचे तेल दीर्घकाळ दिले असता त्यांच्या आतड्यात अर्बुदे झाली. योगायोग असा की, ते तेलही जम्मूच्याच जातीचे होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९६८ मध्ये वेखंड आणि त्याचे तेल अन्नपदार्थांत वापरण्यास मनाई केली. दोषी द्रव्य म्हणजे बीटा-असारोन. उत्तर अमेरिकेतील वेखंडात ते जवळजवळ नसते, युरोपातील जातीत थोडे असते, आणि आपल्याकडे उगवणाऱ्या जातीच्या तेलात मात्र त्याचेच प्राबल्य असते. उपकार करणारे आणि अपकार करणारे द्रव्य येथे एकच आहे. एक ठेवून दुसरे टाकण्याची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. फडक्यात बांधलेला तुकडा धान्याजवळ ठेवणे आणि भुकटी धान्यात कालवून वर्षभर पोटात घालणे, यांत म्हणूनच फार फरक मानला पाहिजे. सरकारी टिपणांत अलीकडे 'नैसर्गिक' हा शब्द शिफारसपत्रासारखा वापरला जातो. बचनागही नैसर्गिकच आहे.

मग या सुगंधी तेलांचे भवितव्य काय? शास्त्रज्ञ सध्या त्यांच्या पायांत बेडी अडकविण्याच्या खटपटीत आहेत. तेलाचे सूक्ष्म थेंब डिंक, स्टार्च किंवा कोळंबीच्या कवचापासून काढलेल्या कायटोसनच्या आवरणात कोंडावयाचे, म्हणजे वाफ एकदम न उडता महिनोन्‌महिने थोडी थोडी सुटत राहील, अशी ही कल्पना. तिच्यात तथ्य आहे. खर्चाचा मेळ मात्र बसला पाहिजे. लवंगेचे तेल गव्हाहून कितीतरी महाग आहे. त्याउलट निलगिरी, गवती चहा, संत्र्याची साल यांचे तेल स्वस्त पडते, आणि संत्र्याच्या साली नागपूरकडे काही कमी नाहीत. दुसरी अडचण वासाची. ओव्याच्या वासाचा आंबेमोहोर कोणाला रुचेल? तिसरी, काही तेले किडीबरोबर बियाण्याच्या कोंबालाही दडपतात. शहाजिऱ्याच्या जातीच्या कॅरवेतील कार्व्होन हे द्रव्य नेदरलँड्समध्ये साठवणीतल्या बटाट्याला मोड येऊ नयेत म्हणूनच विकले जाई.

तोवर घरापुरते काय करावे? वाफ टिकावयाची तर भांडे बंद पाहिजे. लिंपलेली कणगी आणि जमिनीतले पेव यांचे शहाणपण इथे होते. आत कोंडलेला प्राणवायू धान्य आणि कीड मिळून संपवून टाकतात, आणि मग कीड गुदमरते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाने कॅमेरूनमध्ये चवळीसाठी तयार केलेल्या तिपदरी पिशव्यांचे तत्त्व हेच आहे. घट्ट झाकणाचे पिंप काठोकाठ भरले आणि दर दोन दिवसांनी उघडले नाही, तर पुष्कळसे काम विनाखर्च होते. त्याआधी ऊन मात्र कडक हवे. चवळीच्या भुंग्यावरील प्रयोगांत ५७ अंश सेल्सिअस तापमानात एका तासात अंड्यापासून भुंग्यापर्यंत सर्व अवस्था मेल्या. काळ्या कापडावर किंवा कागदावर दाण्याचा पातळ थर पसरून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरले, तर मे महिन्यातल्या विदर्भाच्या किंवा माळव्याच्या उन्हात हे तापमान गाठता येते. त्यानंतर धान्य निवू द्यावे. गरम भरल्यास झाकणाला आतून घाम सुटतो आणि बुरशी धरते. कडधान्याला तेलाचा हात लावावा. लवंग, तमालपत्र किंवा निर्गुंडीचा सुका पाला पुरचुंडीत बांधून वरच्या थरात ठेवावा आणि वास गेला की बदलावा. एवढे मात्र लक्षात असावे की, ही पुरचुंडी दारावरचा पहारेकरी आहे. आत शिरलेल्या चोराला ती धरणार नाही.

बियाणे मात्र निराळे ठेवावे. तापविलेले किंवा उग्र वासाच्या तेलाजवळ राहिलेले बी पेरणीसाठी घेण्यापूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावेत, पाणी शिंपडत राहावे, आणि आठवड्याने गुंडाळी उलगडून किती उगवले ते मोजावे.